‘माझ्या संगणकावर तर चालते!’ : कंटेनरचे बांधणीपत्रक कसे लिहावे



आजचे युग हे संगणकाचे युग आहे, हे वाक्य आपण शाळेतल्या निबंधापासून ऐकत आणि लिहीत आलो. परंतु संगणकाशी प्रत्यक्ष काम पडते तेव्हा पहिला अनुभव बहुधा असा येतो की, एका यंत्रावर सुरळीत चालणारी गोष्ट दुसऱ्या यंत्रावर चालत नाही. आपल्या अभ्यासिकेत बसणाऱ्या, संगणकशास्त्र शिकणाऱ्या मुलामुलींच्या तोंडी एक वाक्य वारंवार येते : “माझ्या संगणकावर तर चालते!” ते खोटे नसते. पण ज्याला ते काम हवे आहे त्याच्या दृष्टीने त्या वाक्याला काहीच किंमत नसते.

मी कला शाखेचा पदवीधर, बँकेत कारकून. संगणक हा माझा विषय नव्हे. तरीही या विषयावर लिहिण्याचे धाडस करीत आहे, त्याला दोन कारणे आहेत. पहिले असे की, सूचना वाचणे आणि सूचना लिहिणे यातच माझी नोकरी गेली आहे, आणि हा विषय मुळात सूचना लिहिण्याचाच आहे. दुसरे कारण असे की, या कामात एक चूक माझ्या हातून घडली आणि तिचा त्रास आपल्यातल्याच काही कुटुंबांना झाला. ती चूक मी पुढे सांगणार आहे. ती दुसऱ्या कोणाकडून होऊ नये, एवढ्यासाठी हा लेख.

अडचण कोठे आहे?

दोन वर्षांपूर्वी संस्थेच्या शिष्यवृत्तीचे अर्ज संगणकावर घ्यावेत असे ठरले. अभ्यासिकेत येणाऱ्या, बीसीएच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या एका विद्यार्थिनीने त्यासाठी पायथन या भाषेत छोटा प्रोग्रॅम लिहिला. तिच्या लॅपटॉपवर तो उत्तम चालला. संस्थेच्या कार्यालयातील संगणकावर मात्र तो उघडेचना. अर्ज भरण्यासाठी आलेले पालक दोन तास बसून परत गेले. त्यात रोजंदारी बुडवून आलेले लोक होते.

असे का व्हावे? कोणताही प्रोग्रॅम एकटा नसतो. त्याला भाषेची एक ठराविक आवृत्ती लागते. इतरांनी लिहिलेली तयार पॅकेजेस लागतात, आणि त्यांच्याही ठराविक आवृत्त्या लागतात. खाली कार्यप्रणालीच्या फाईली लागतात, काही मांडणी लागते. लॅपटॉपवर हे सारे हळूहळू जमत गेलेले असते आणि काय काय जमले आहे याची नोंद लिहिणाऱ्यापाशीही नसते. सासरी गेलेल्या मुलीला आईच्या हातची भाजी जमत नाही, कारण आईने मसाल्याचे माप कधी सांगितलेलेच नसते, तसा हा प्रकार. माप आईच्या हातात असते, कागदावर नसते.

ते माप कागदावर आणणे म्हणजे बांधणीपत्रक लिहिणे.

कंटेनर म्हणजे काय?

हा शब्द बंदरातून आला आहे. मुंबईच्या गोदीत काम केलेली माणसे आपल्या वस्त्यांत आजही भेटतील. पोती, पिंपे, खोकी असा वेगवेगळ्या आकारांचा माल पाठीवर वाहून जहाजात चढविणे हे काम किती कष्टाचे आणि वेळखाऊ होते ते त्यांना विचारावे. २६ एप्रिल १९५६ रोजी अमेरिकेत माल्कम मॅकलीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने न्यूअर्कहून ह्यूस्टनकडे ५८ पेट्या नेल्या. पेटीत काय आहे याच्याशी जहाजाला, रेल्वेला किंवा ट्रकला कर्तव्य नाही. पेटीचे माप व उचलण्याची कडी ठरलेली, एवढे पुरे. पुढे जगभरच्या बंदरांनी हीच रीत स्वीकारली. आपल्याकडे १९८९ साली सुरू झालेले न्हावा-शेवा बंदर याच पेट्यांच्या वाहतुकीसाठी ओळखले जाते. या पेट्यांनी गोदीतल्या अनेक हातांचे काम काढून घेतले, हेही विसरता येत नाही.

संगणकातील कंटेनर ही कल्पना अशीच आहे. प्रोग्रॅम, त्याची भाषा, त्याची पॅकेजेस, त्याला लागणाऱ्या फाईली हे सारे एका पेटीत बंद करावयाचे. पेटी उघडणाऱ्या यंत्राने आत काय आहे याची चौकशी करावयाची नाही.

यामागील तंत्र एका दिवसात आलेले नाही. १९७९ साली युनिक्स कार्यप्रणालीच्या सातव्या आवृत्तीत ‘सीएचरूट’ नावाची सोय आली. तिच्यामुळे एखाद्या प्रोग्रॅमला संगणकाचा ठराविक कप्पाच दिसावा अशी व्यवस्था करता येऊ लागली. लिनक्सच्या गाभ्यात २००२ पासून टप्प्याटप्प्याने ‘नेमस्पेस’ आले आणि प्रत्येक गटाला स्वतःचे वेगळे जग दिसू लागले. कोणत्या गटाला किती स्मृती व किती प्रक्रियाशक्ती द्यावी हे ठरविणारे ‘सीग्रुप्स’ गूगलच्या अभियंत्यांनी २००६ मध्ये सुरू केले, ते २००८ साली गाभ्यात समाविष्ट झाले. हे सारे वापरणे सामान्य प्रोग्रॅमरला अवघड होते. मार्च २०१३ मध्ये डॉटक्लाऊड या कंपनीचे सॉलोमन हाईक्स यांनी कॅलिफोर्नियातील सांता क्लारा येथे पायथनच्या परिषदेत पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात ‘डॉकर’ दाखविले आणि ही वाट सर्वांना मोकळी झाली. डॉकर म्हणजे गोदी कामगार. जून २०१५ मध्ये ‘ओपन कंटेनर इनिशिएटिव्ह’ ही संस्था स्थापन होऊन पेटीचे माप सर्वांसाठी एक ठरले. त्यामुळे आज डॉकरने बांधलेली पेटी पॉडमन या दुसऱ्या साधनानेही उघडते.

येथे तीन शब्द नीट समजून घ्यावेत. बांधणीपत्रक म्हणजे लिहिलेल्या सूचना. तंत्रज्ञ त्याला ‘डॉकरफाईल’ म्हणतात. त्या सूचनांप्रमाणे बांधून तयार झालेली, सीलबंद, न बदलणारी वस्तू म्हणजे ‘इमेज’. आणि ती इमेज प्रत्यक्ष चालू केली की होतो तो ‘कंटेनर’. छापलेला कोरा अर्ज एक असतो आणि त्यावरून भरलेले अर्ज अनेक असतात. तसे एका इमेजवरून कितीही कंटेनर चालू करता येतात.

बांधणीपत्रकाच्या ओळी

बँकेत मुख्य कार्यालयातून परिपत्रक येते. लिहिणारा साहेब मुंबईत, अंमल करणारा कारकून दूरच्या तालुक्यातील शाखेत. दोघांची भेट होत नाही. “नेहमीप्रमाणे करावे” असे त्यात लिहिले तर प्रत्येक शाखा आपल्या नेहमीप्रमाणे करते आणि गोंधळ होतो. बांधणीपत्रक हे असेच परिपत्रक आहे. फरक एवढाच की वाचणारा संगणक आहे आणि तो फोन करून शंका विचारीत नाही.

आमच्या शिष्यवृत्तीच्या प्रोग्रॅमचे सुधारलेले पत्रक पुढीलप्रमाणे होते. या ओळी वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. यंत्रावर त्या रोमन लिपीतच टाईप कराव्या लागतात.

फ्रॉम पायथन:३.१२-स्लिम
वर्कडिर /ॲप
कॉपी रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी .
रन पिप इन्स्टॉल --नो-कॅश-डिर -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी
कॉपी . .
युजर १०००
एक्स्पोज ८०००
सीएमडी ["पायथन", "ॲप.पीवाय"]

आता एकेक ओळ पाहू.

‘फ्रॉम’ म्हणजे पाया. शून्यापासून घर बांधण्याऐवजी आपण दुसऱ्याने घातलेल्या जोत्यावर बांधतो. येथे पायथन ३.१२ बसविलेली, डेबियन लिनक्सवर आधारलेली छोटी इमेज घेतली आहे. ‘स्लिम’ हा शब्द महत्त्वाचा आहे. पायथनची पूर्ण इमेज उघडल्यावर सुमारे १ जीबी भरते, स्लिम तिच्या कितीतरी पटीने लहान असते. अल्पाइन नावाचा पाया याहूनही लहान, मूळचा १० एमबीपेक्षा कमी आहे. पण त्यातील मूलभूत ‘सी’ लायब्ररी वेगळी असल्याने काही तयार पॅकेजेस तेथे अडतात. नवशिक्याने स्लिमपासून सुरुवात करावी.

आवृत्तीचा आकडा लिहिण्यास विसरू नये. आकडा लिहिला नाही तर संगणक ‘लेटेस्ट’ असे गृहीत धरतो. लेटेस्ट म्हणजे जी खूण मालकाने ज्या इमेजला लावली असेल ती. आज एक, सहा महिन्यांनी दुसरी. “नेहमीप्रमाणे करावे” याचाच हा अवतार होय. अगदी काटेकोर व्हायचे असेल तर आकड्यापुढे इमेजचा लांबलचक ठसा लिहिता येतो. इमेजमधील एक अक्षर बदलले तरी हा ठसा बदलतो.

‘वर्कडिर’ म्हणजे काम कोठे बसून करावयाचे ती जागा. येथे विद्यार्थी एक चूक करतात. ते ‘रन’ ओळीत ‘सीडी’ ही आज्ञा देऊन दुसऱ्या फोल्डरमध्ये जातात आणि पुढच्या ओळीला आपण तेथेच आहोत असे समजतात. परंतु प्रत्येक ‘रन’ ओळ नव्याने सुरू होते. मागची जागा तिच्या लक्षात राहत नाही. म्हणून जागा ‘वर्कडिर’नेच सांगावी.

‘कॉपी’ आपल्या संगणकावरील फाईल इमेजमध्ये नेते. ‘ॲड’ नावाची तिची एक बहीण आहे. ती दाबलेली फाईल आपोआप उलगडते, इंटरनेटवरूनही आणते. ज्या आज्ञेच्या पोटात जास्त गोष्टी तिच्यात अनपेक्षित घडण्याची शक्यता जास्त, म्हणून साध्या कामाला ‘कॉपी’च वापरावी.

‘रन’ ही बांधणी चालू असताना करावयाची कामे सांगते. येथे पॅकेजेस बसविली आहेत. रिक्वायरमेंट्स या फाईलमध्ये प्रत्येक पॅकेजच्या नावापुढे आवृत्तीचा आकडा लिहिलेला असावा. तो नसेल तर पायाचा आकडा लिहून काही उपयोग नाही. दाराला कुलूप लावून खिडकी उघडी ठेवल्यासारखे ते होईल.

‘युजर’ ही ओळ नसेल तर प्रोग्रॅम ‘रूट’ म्हणजे सर्वाधिकारी म्हणून चालतो. रोखपालाला तिजोरीच्या दोन्ही किल्ल्या कोणी देत नाही. प्रोग्रॅममध्ये काही छिद्र निघाले व कोणी आत शिरले तर त्याला कमीत कमी अधिकार मिळावेत, म्हणून ही ओळ.

‘एक्स्पोज’ ही ओळ पुष्कळांची फसगत करते. ती दार उघडीत नाही, फक्त पाटी लावते की दार ८००० क्रमांकाचे आहे. दार उघडण्याची आज्ञा कंटेनर चालू करताना वेगळी द्यावी लागते. शिवाय आतील प्रोग्रॅमने ‘१२७.०.०.१’ या पत्त्यावर नव्हे तर ‘०.०.०.०’ या पत्त्यावर ऐकले पाहिजे. पहिला पत्ता म्हणजे कंटेनर स्वतःशीच बोलतो. बाहेरून हाक मारली तरी ऐकू जात नाही. आमचा एक पूर्ण रविवार या एका गोष्टीत गेला.

‘सीएमडी’ कंटेनर सुरू होताना काय चालवावयाचे ते सांगते. चौकटी कंसात, अवतरणचिन्हांत लिहिण्याची सवय लावावी. तसे न लिहिता साधी ओळ लिहिली तर मध्ये ‘शेल’ नावाचा मध्यस्थ येऊन बसतो. कंटेनर थांबविताना डॉकर आधी “आवरते घ्या” असा निरोप देतो आणि १० सेकंदांत काही झाले नाही तर जबरदस्तीने बंद करतो. मध्यस्थ हा निरोप आत पोहोचवीतच नाही. निरोप पोहोचला तरी तो ऐकून हातातले काम पुरे करण्याची तजवीज प्रोग्रॅममध्ये लिहिलेली असावी लागते. अर्ज जमा होत असताना मध्येच वीज खेचल्यासारखे होऊ नये, एवढ्यासाठी ही काळजी.

क्रम का महत्त्वाचा?

वरील पत्रकात ‘कॉपी’ दोनदा का आली, असा प्रश्न चौकस वाचकाला पडेल. आधी केवळ पॅकेजेसची यादी नेली, ती बसविली आणि मग बाकीचा प्रोग्रॅम नेला. सारे एकदमच का नेले नाही?

इमेज ही थरांची बनलेली असते. ‘रन’, ‘कॉपी’ व ‘ॲड’ यांतील प्रत्येक ओळ मागच्या थरावर एक नवा थर चढविते. बांधणी पुन्हा करताना संगणक पाहतो की ही ओळ आणि तिने नेलेल्या फाईली पूर्वीसारख्याच आहेत काय. असतील तर जुना थर तसाच वापरतो, वेळ वाचतो. पण एका ओळीत बदल आढळला की ती ओळ व तिच्याखालच्या साऱ्या ओळी नव्याने कराव्या लागतात.

खातेवही पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. प्रत्येक नोंदीनंतर शिल्लक पुढे ओढलेली असते. तिसऱ्या पानावरील एक रक्कम बदलली की पहिली दोन पाने तशीच राहतात, पण तिसऱ्यापासून शेवटपर्यंतची प्रत्येक शिल्लक पुन्हा काढावी लागते. म्हणून क्वचित बदलणाऱ्या गोष्टी वर लिहाव्यात आणि रोज बदलणाऱ्या खाली. पॅकेजेसची यादी महिन्यातून एकदा बदलते, प्रोग्रॅम दिवसातून दहादा. यादी आधी नेली म्हणजे प्रोग्रॅममधील एका स्वल्पविरामासाठी साऱ्या पॅकेजेसची बांधणी पुन्हा होत नाही. ज्यांचा इंटरनेटचा पॅक दिवसाकाठी संपतो, त्या मुलांना याचे मोल सांगायला नको.

या सोयीला एक धारही आहे. डेबियनवर काही बसविताना ‘ॲप्ट-गेट अपडेट’ ही आज्ञा उपलब्ध वस्तूंची ताजी यादी आणते व ‘ॲप्ट-गेट इन्स्टॉल’ वस्तू बसविते. या दोन आज्ञा वेगळ्या ‘रन’ ओळींत लिहिल्या तर पहिल्या ओळीचा जुना थर तसाच वापरला जातो आणि शिळ्या यादीवरून नवी खरेदी होते. मग वस्तू सापडत नाही. म्हणून दोन्ही एकाच ‘रन’ ओळीत जोडून लिहाव्यात आणि यादीचा कचराही त्याच ओळीत पुसावा.

‘त्याच ओळीत’ या शब्दांवर मी जोर देतो, कारण माझी चूक येथेच आहे.

पुसलेले पुसले जात नाही

प्रोग्रॅम तपासण्यासाठी त्या विद्यार्थिनीने माझ्याकडे नमुन्याची यादी मागितली. पाच खोटी नावे लिहून देता आली असती. मी कंटाळा केला आणि मागील वर्षीची खरी यादी दिली. तीत चाळीसएक विद्यार्थ्यांची नावे, पालकांचे उत्पन्न, जातीच्या दाखल्याचे क्रमांक आणि बँक खात्यांचे क्रमांक होते. “काम झाले की काढून टाक,” एवढे सांगून मी मोकळा झालो. ज्याची नोकरीच खातेदारांची माहिती गुप्त राखण्याची, त्याने हे करावे!

तिने सांगितल्याप्रमाणे केले. पत्रकात ‘कॉपी . .’ ही ओळ होती. तिचा अर्थ या फोल्डरमधील सारे काही आत न्या. त्यात ती यादीही गेली. खाली ‘रन’ ओळीत तिने यादी पुसण्याची आज्ञा लिहिली. कंटेनर चालू करून पाहिला, यादी दिसत नव्हती. निश्चिंतपणे तिने इमेज सर्वांना खुल्या असलेल्या इंटरनेटवरील भांडारात ठेवली, म्हणजे कार्यालयातील संगणकावर उतरवून घेता येईल.

त्याच रात्री पुण्यात नोकरी करणाऱ्या, पूर्वी याच अभ्यासिकेत शिकलेल्या एका तरुणाने इमेज उतरवून पाहिली आणि मला फोन केला : “काका, त्यात मुलांचे खाते क्रमांक आहेत.” दुसऱ्या दिवशी त्याने येऊन आम्हा दोघांना दाखविले. ‘डॉकर सेव्ह’ ही आज्ञा देऊन त्याने इमेज एका फाईलमध्ये उतरविली, ती उलगडली, तर आत एकेक थर वेगळा पडलेला. ‘कॉपी’च्या थरात ती यादी जशीच्या तशी, माझ्या हातची.

मुलगी रडवेली झाली. म्हणाली, “काका, मी तर पुसली होती.”

तिने पुसली होती हे खरे. पण थर चढल्यावर तो बदलत नाही. पुसण्याच्या ओळीने एक नवा थर चढविला आणि त्यात फक्त ‘खालची ही फाईल दाखवू नये’ अशी खूण केली. खालची फाईल जागच्या जागी राहिली. बँकेत चुकलेली नोंद आम्ही खोडरबराने पुसत नाही. तिच्यावर लाल रेघ मारतो आणि खाली दुरुस्ती लिहितो. रेघेखालचा आकडा कोणालाही वाचता येतो, किंबहुना वाचता यावा हाच नियम आहे. इतकी वर्षे लाल रेघा मारूनही हे मला कळले नाही.

इमेज भांडारातून काढून टाकली. मधल्या काही तासांत ती आणखी कोणी उतरविली का हे कळायला मार्ग नव्हता. सांकेतिक शब्द बदलता येतो. जातीच्या दाखल्याचा क्रमांक बदलता येत नाही. आम्ही कार्यकारिणीपुढे जाऊन सर्व सांगितले आणि मी स्वतः त्या घरांतून फिरून पालकांना झालेला प्रकार समजावून दिला, खात्यावर लक्ष ठेवण्यास सांगितले. अनोळखी फोनला माहिती देऊ नका, हेही सांगितले. कोणी रागावले, कोणी चहा दिला. एका माउलीने विचारले, “तुम्ही बँकेत आहात ना?” त्याला माझ्यापाशी उत्तर नव्हते.

सुदैवाने कोणाचे आर्थिक नुकसान झाल्याचे समोर आले नाही. पण दैवावर सोडण्याची ही गोष्ट नव्हे. त्यावरून शिकलेले उपाय असे :

पहिला उपाय, ‘.डॉकरइग्नोर’ नावाची फाईल. पत्रकाशेजारी ही फाईल ठेवून काय आत न्यायचे नाही त्याची यादी द्यावी. सांकेतिक शब्दांच्या फाईली, नमुन्याचा डेटा, ‘गिट’चा फोल्डर हे सारे तीत लिहावे. मग ‘कॉपी . .’ लिहिले तरी त्या गोष्टी बाहेरच राहतात.

दुसरा, सांकेतिक शब्द बांधणीपत्रकात कधीही लिहू नयेत. ‘एन्व्ह’ व ‘आर्ग’ या ओळींत लिहिलेले मूल्य इमेजच्या इतिहासात वाचता येते. कंटेनर चालू करताना ते बाहेरून द्यावेत. बांधणी चालू असतानाच गुपित लागत असेल तर ‘रन’ ओळीला ‘सिक्रेट’ प्रकारचे माउंट जोडण्याची सोय आहे. ते त्या ओळीपुरते दिसते आणि थरात उरत नाही.

तिसरा, बहुटप्पी बांधणी. मे २०१७ मध्ये डॉकरच्या १७.०५ या आवृत्तीत ही सोय आली. एकाच पत्रकात दोन ‘फ्रॉम’ लिहावयाचे. पहिल्या टप्प्यात अवजारे, कंपायलर वगैरे आणून वस्तू तयार करावयाची. दुसऱ्या टप्प्यात कोऱ्या पायावर फक्त तयार वस्तू ‘कॉपी’ने न्यावयाची. इमारत पुरी झाल्यावर परांची काढून टाकतात, तसा पहिला टप्पा मागे राहतो. यामुळे इमेज लहान होते आणि नको ते सामान सोबत जात नाही.

चौथा उपाय तंत्राचा नाही. खरी माहिती तपासणीसाठी देऊ नये. पाच खोटी नावे लिहायला पाच मिनिटे लागतात.

आणखी दोन गोष्टी

कंटेनर काढून टाकला की त्याच्या आत लिहिलेले सारे त्याच्याबरोबर जाते. म्हणून भरलेले अर्ज कंटेनरच्या पोटात ठेवू नयेत. ‘व्हॉल्यूम’ नावाची बाहेरची जागा जोडून तेथे ठेवावेत, आणि त्या जागेची वेगळी प्रत नियमित घ्यावी. इमेज पुन्हा बांधता येते. मुलांचे अर्ज पुन्हा बांधता येत नाहीत.

दुसरे, सीलबंद पेटीतील वस्तूही जुनी होते. पायातील एखाद्या पॅकेजमध्ये सुरक्षेचे छिद्र सापडले तर आपली इमेज आपोआप दुरुस्त होत नाही. आकडे पक्के लिहिले म्हणजे काम संपले असे नाही. ठराविक काळाने आकडे जाणीवपूर्वक वाढवून, तपासून, इमेज नव्याने बांधावी. आम्ही दर तीन महिन्यांचा पहिला रविवार त्यासाठी ठेवला आहे.

विद्यार्थ्यांसाठी

हे शिकण्यास महागडे यंत्र लागत नाही. लिनक्सवर डॉकरचे मूळ इंजिन आणि पॉडमन ही दोन्ही साधने मुक्त व विनामूल्य आहेत. आपला एखादा छोटा प्रोग्रॅम घ्यावा, वरीलसारख्या आठ ओळी लिहाव्यात आणि त्या मित्राच्या संगणकावर चालवून पाहाव्यात. चालल्या नाहीत तर आनंद मानावा, कारण आपल्या हातात असलेले पण कागदावर न आलेले माप कोणते ते तेव्हाच कळते. पत्रक लिहून झाले की स्वतःला पुढील प्रश्न विचारावेत. पायाची आणि पॅकेजेसची आवृत्ती लिहिली काय? क्वचित बदलणारे वर आणि नेहमी बदलणारे खाली आहे काय? आत नको ते काही गेले काय? सर्वाधिकार सोडले काय? थांबण्याचा निरोप पोहोचतो काय? डेटा बाहेर ठेवला काय? मुलाखतीत या सहा प्रश्नांची उत्तरे कारणांसह देता आली तर पाठांतर केलेल्या व्याख्यांपेक्षा त्यांचा उपयोग अधिक होईल.

कला शाखेच्या मुलांनीही हा विषय आपला नाही असे समजू नये. समोर नसलेल्या वाचकाला, शंका विचारण्याची सोय नसताना, काहीही गृहीत न धरता नेमके सांगणे ही भाषेचीच विद्या आहे.

ती विद्यार्थिनी आता एका कंपनीत नोकरीला लागली आहे. गेल्या जून महिन्यात शिष्यवृत्तीचे अर्ज त्याच प्रोग्रॅमवर घेतले. कार्यालयातील संगणक मध्येच बंद पडला, तेव्हा शेजारच्या दुकानातील संगणक मागून आणला. इमेज उतरविली, व्हॉल्यूमची प्रत जोडली आणि अर्ध्या तासात काम पुन्हा सुरू झाले. त्या दिवशी एकही पालक परत गेला नाही. तपासणीच्या यादीतली पाच नावे मीच लिहून दिली होती : आंबा, फणस, चिंच, बोर आणि करवंद.